विठाबाई नारायणगावकर : एका रात्रीची गोष्ट आणि आयुष्यभराचं काम

जुन्नर-आंबेगाव भागात विठाबाईंचं नाव काढा, एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. त्यांचे दिवस भरले होते. गावच्या जत्रेत तमाशा रंगला होता. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, भाषणं, व्हॉट्सअॅपचे मेसेज, सगळीकडे हीच गोष्ट. लोककलेवर, स्त्री-इतिहासावर किंवा जातीच्या प्रश्नावर काम करायचं ठरवलंत, तर ती तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये येऊन बसेल. मग गाईड विचारतील, 'पुरावा काय?' आणि आपण गोष्ट खरी की खोटी यातच अडकून पडू.

माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. ही गोष्ट काय सांगते आणि ती सांगताना काय झाकलं जातं, हा खरा संशोधनाचा प्रश्न. आजच्या लेखात तेवढंच करून बघू.

आधी पक्कं काय आहे ते

विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. विठ्ठलाच्या गावी जन्मल्या म्हणून नाव विठा. वडील भाऊ खुडे आणि चुलते बापू खुडे यांचा 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड महाराष्ट्रभर गाजलेला होता. त्याची सुरुवात आजोबा नारायण खुडे यांच्यापासूनची. म्हणजे विठाबाई तमाशात 'आल्या' असं म्हणता येत नाही, त्या फडातच वाढल्या. शाळा फारशी झाली नाही. गण, गौळण, लावणी आणि वगातल्या भूमिका हेच शिक्षण. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड काढला. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. त्यांच्याबद्दलच्या लिखाणात त्यासाठी १९५७ आणि १९९० ही सालं येतात. शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांना तो मिळालेला आहे.

बस्स. आयुष्यभराचं काम एका परिच्छेदात संपलं, आणि एका रात्रीच्या गोष्टीला मात्र पानंच्या पानं. हे प्रमाण उलटं का झालं, तिथून सुरुवात करायची.

पाटीवरचं नाव

कागदपत्रं कमी असली की जे थोडं हातात आहे ते नीट वाचावं लागतं. फडाच्या पाटीवरचं पूर्ण नाव घ्या : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. चार शब्द आहेत आणि चारही काम करतात.

मधलं नाव वडिलांचं. मराठी घरात लग्न झालेल्या बाईच्या मधल्या नावावर नवरा येतो. इथे मात्र 'भाऊ' कायम राहिला, कारण गावोगावच्या लोकांना भरवसा त्या नावाचा होता. आजच्या भाषेत सांगायचं तर तो ब्रँड होता.

तिसरा शब्द जातीचा. हलगी, सनई, डफ ही वाद्यं मातंग समाजाकडे गावकीच्या कामातून पिढ्यान् पिढ्या आलेली. लग्नात, देवापुढे, मिरवणुकीत वाजवणं हे त्यांच्यावर गावाने टाकलेलं काम होतं, हौस नव्हे. त्यामुळे पाटीवरचा जातीचा शब्द एकीकडे कसबाची खात्री देतो आणि दुसरीकडे ते कसब कुठल्या बंधनातून आलं तेही उघड करतो. याच्या शेजारी पठ्ठे बापूराव ठेवून बघा. मूळचे श्रीधर कृष्णा कुलकर्णी, रेठऱ्याचे ब्राह्मण. त्यांनी तमाशा जवळ केला, पवळाबाईंबरोबर फड गाजवला. त्यांची कथा सांगताना आपण 'कलेसाठी सगळं सोडलं' असं म्हणतो. विठाबाईंच्या बाबतीत म्हणतो, 'रक्तातच होतं.' बोर्ड तोच, काम तेच, पण एकाच्या वाट्याला 'त्याग' हा शब्द आणि दुसरीच्या वाट्याला 'जन्म'. हा भाषेतला फरक म्हणजे तुमच्यासाठी डेटा आहे.

चौथा शब्द गावाचा. तमाशात आडनावं अशीच : सातारकर, करवडीकर, शिरोलीकर, ढवळपुरीकर. आता सरकारी पुरस्काराचं नाव पाहा : विठाबाई नारायणगावकर. 'भाऊ' गेला, 'मांग'ही गेलं. सन्मान म्हणून गेलं, संकोच म्हणून गेलं की सोय म्हणून, यावर लगेच निष्कर्ष काढू नका. पण पाटीवर असलेला शब्द पुरस्कारात नाही, हे टिपून ठेवा.

फड नावाचा धंदा

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणवली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाची पाटी. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, तारीख सांगतात, भाव करतात, सुपारी देतात. भाव मोठा विचित्र असतो. चैत्र पौर्णिमेसारख्या तिथीला पन्नास गावांची जत्रा एकाच रात्री, म्हणून सुपारी वाढते. दोन दिवसांनी तोच फड कमी पैशात मिळतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे मागणी-पुरवठ्याचं प्रकरण चालत्या-बोलत्या रूपात सापडेल.

आपल्या भागातल्या जत्रेचा ठरलेला क्रम तुम्हाला माहीत आहेच. दिवसा घाटात बैलगाडे, संध्याकाळी पालखी, रात्री तमाशा आणि बऱ्याच गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या. हा क्रम कलावंताच्या बाजूने मोजा. रात्रभर उभं राहायचं, सकाळी देवापुढे हजेरी द्यायची, तंबू-पेट्या ट्रकात चढवायच्या आणि रात्रीच्या आत पुढचं गाव गाठायचं. दसऱ्याला बाहेर पडलेला मोठा फड बुद्धपौर्णिमेच्या आसपास घरी परततो. पावसाळ्याचे चार महिने कमाई नाही.

त्या चार महिन्यांत घर चालतं उचलीवर. कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि पुढच्या हंगामात काम करून ती फेडतो. मालक सावकाराकडून कर्ज काढतो आणि सुपाऱ्यांतून ते फेडतो. फड मोठा असला तर नाचे-गाणारे, ढोलकीवाले, सोंगाडे, आचारी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे अशी शंभराच्या घरातली माणसं एका नावावर जेवतात. आणि ज्याचं नाव पाटीवर आहे ते माणूस बोर्डावर दिसलंच पाहिजे. दिसलं नाही तर गाव सुपारी कापतं, कधी गोंधळही घालतं.

विठाबाई याच जागी उभ्या होत्या. त्या मुख्य कलावंत होत्या आणि मालकीणही. काम करणारं शरीर त्यांचं आणि कर्जाखालचं नावही त्यांचंच.

गोष्टीचे दोन शेवट

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. मौखिक गोष्ट हाती आली की तिची वेगवेगळी रूपं गोळा करून ती कुठे वेगळी होतात ते बघायचं, ही मौखिक इतिहासातली साधी पद्धत आहे.

या गोष्टीचा शेवट दोन प्रकारे सांगितला जातो. एका प्रकारात विठाबाई परत येतात, लोकांना त्यांचं पोट दिसत नाही, सगळे चकित होतात, खेळ थांबवतात आणि 'बाई, आता आराम करा' म्हणून हात जोडतात. दुसऱ्या प्रकारात त्या उरलेला खेळ पूर्ण करतात. पहिल्या शेवटात मोठेपण प्रेक्षकांचं, दुसऱ्यात कलावंताचं. जत्रेच्या गावाला पहिला शेवट सोयीचा, कारण त्यात गाव माणुसकीचं ठरतं. सत्काराच्या व्यासपीठाला दुसरा, कारण त्यात 'कलेवरची निष्ठा' दिसते.

दोन्ही प्रकारांत काही गोष्टी नसतात. बहुतेक वेळा साल नसतं. सुपारीचा आकडा नसतो. दुसऱ्या दिवशी फड कुठल्या गावी गेला आणि बाळंतीण ट्रकात कुठे बसली, हेही नसतं. आणि मुख्य म्हणजे, नऊ महिने भरलेली बाई बोर्डावर का होती, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर असे साखर कारखाने आहेत. दसरा-दिवाळीनंतर तिथे ऊसतोड मजूर येतात, तेही उचल घेऊन. ऊस तोडता तोडता बाई बाळंत झाली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कोयता हातात घेतला, अशा हकिगती त्या टोळ्यांत नव्या नाहीत. उसाच्या शेतालाही आपण 'फड'च म्हणतो. तोच शब्द, तोच हंगाम, तीच उचल. पण ऊसतोड बाईच्या बाळंतपणाला 'उसावरची निष्ठा' असं कुणी म्हणत नाही. तिथे आपल्याला सरळ दिसतं की तिला थांबणं परवडणारं नव्हतं. तमाशातल्या बाईकडे बघताना मात्र तेच दिसेनासं होतं, कारण मध्ये 'कला' हा शब्द येतो.

कायद्याची एक बाजू इथे जोडून बघा. भारतात मातृत्व लाभ कायदा १९६१ साली झाला. तो आधी कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात घोड्यांचे, कसरतींचे 'आणि इतर' खेळ दाखवणाऱ्या आस्थापना आल्या, म्हणजे मुख्यतः सर्कस. 'इतर खेळ' या शब्दांत तमाशाचा फड बसवता आला असता का? वकिलांना वाद घालायला जागा होती. पण उचलीवर चालणाऱ्या, हजेरीपट नसलेल्या फडात ही रजा मागायची कुणाकडे? आणि मालकीण स्वतःच गरोदर असेल तर तिला रजा देणार कोण? म्हणून विठाबाईंची गोष्ट धैर्याची आहे हे मान्य करूनही ती कामगार इतिहासाच्या कप्प्यातही ठेवली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

यावर एक आक्षेप येईल : 'मग त्यांची कला काहीच नव्हती का?' होतीच. रात्रभर हजारो माणसं धरून ठेवणं, गौळणीतून वगात जाणं, समोरचा सोंगाडी काय बोलेल ते माहीत नसताना हजरजबाबी राहणं, हे मोठं कसब आहे. पण कसबाचा मान राखायचा तर त्याच्या कामाच्या अटीही लिहायला हव्यात. गवयाच्या रियाजाचे तास आपण कौतुकाने मोजतो, मग तमाशातल्या बाईचे तास का मोजू नयेत?

'अश्लील' हा शिक्का

ही मोजदाद झाली नाही, कारण तमाशाबद्दलची चर्चा बराच काळ वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी आणली. पुढे अटी घालून ती उठली आणि वगाच्या संहिता तपासून घेण्याची पद्धत आली. विठाबाई तेव्हा ऐन उमेदीच्या वयात पाऊल टाकत होत्या. त्याच काळात मराठी सिनेमाने लावणी उचलली. 'लोकशाहीर राम जोशी' १९४७ चा. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, तो पुण्यात १३१ आठवडे चालला. 'पिंजरा' १९७२ चा. पडद्यावरची लावणी कुटुंबासह बघायची झाली. कनातीतल्या लावणीकडे मात्र नाकं मुरडली गेली.

शर्मिला रेगे यांनी १९९५ मधल्या लेखात हीच प्रक्रिया मांडली : लावणीला प्रतिष्ठा मिळत गेली आणि ती सादर करणाऱ्या दलित-बहुजन बायका बाजूला पडल्या. शैलजा पैक यांचं २०२२ चं पुस्तक पुढे जाऊन 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' या शब्दांनी जातीचं राजकारण कसं चालतं ते दाखवतं. दोन्ही वाचा, पण या क्रमाने, म्हणजे वाद कुठून कुठे गेला ते कळेल.

आवाज कुणाचा टिकला, हेही पाहा. 'सांगत्ये ऐका'मध्ये काम केलेल्या हंसा वाडकर यांचं आत्मकथन त्याच नावाने छापलं गेलं, पुढे त्यावरून 'भूमिका' हा हिंदी चित्रपट निघाला. विठाबाईंचं आयुष्य पुस्तकात आलं ते योगीराज बागूल यांच्या लेखणीतून. चरित्र आणि आत्मकथन ही वेगळी साधनं आहेत. दोन्ही वापरताना बोलणारं कोण आणि लिहिणारं कोण, याची नोंद ठेवा.

जमैकातलं एक उदाहरण

आपला विषय जगात एकटा नसतो हे दाखवायला एक तुलना देतो. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 'डान्सहॉल' हे संगीत वाढलं. रात्रीचे जलसे, मोठे स्पीकर, मजूर वर्गाचा प्रेक्षक आणि सभ्य समाजाची तक्रार एकच : हे अश्लील आहे. ओळखीचं वाटतं ना? तिथल्या सिस्टर नॅन्सी या गायिकेचं १९८२ मधलं 'बाम बाम' हे गाणं जगभर वाजलं, सिनेमात आलं, मोठ्या गायकांनी आपल्या गाण्यांत वापरलं. तिला मात्र कितीतरी वर्षं त्याचा मोबदला मिळाला नाही. ती अमेरिकेत बँकेत नोकरी करत होती. तीस वर्षं उलटल्यावर तिने हक्क मागितला आणि काही प्रमाणात मिळवला.

साम्य सांगून थांबू नका, फरक महत्त्वाचा आहे. नॅन्सीचा आवाज तबकडीवर होता आणि तबकडीवर तिचं नाव होतं, म्हणून भांडायला एक वस्तू हातात होती. जत्रेतला प्रयोग पहाटे संपतो आणि मागे राहतो तो उखडलेल्या खुंट्यांचा माळ. सुपारी तोंडी, उचल मालकाच्या वहीत, दौलतजादा हातोहात. तमाशातली बाई हक्क मागायला गेली तर दाखवणार काय?

मग कागद कुठे शोधायचे?

कागद आहेत, पण 'कला' या शीर्षकाखाली नाहीत. जत्रा कमिट्यांच्या जमाखर्चाच्या वह्या पाहा. लोकवर्गणी किती जमली आणि तमाशाला किती दिले, हे त्यात असतं. ग्रामपंचायतींचे ठराव, पोलीस ठाण्यांतले परवाने, परिनिरीक्षण मंडळाकडे गेलेल्या वगाच्या संहिता, छापखान्यांकडे उरलेली पोस्टरं, वगाच्या जुन्या ऑडिओ कॅसेट, मुंबईच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणच्या गिरणगावातल्या आठवणी. छायाचित्रांसाठी संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' बघा. त्यात बोर्डामागचं जगणं दिसतं.

मुलाखत घ्यायची असेल तर हंगाम टाळा. चैत्रात कलावंताला झोपायला वेळ नसतो, तुमच्या प्रश्नांना कुठून मिळणार? पावसाळ्यात जा. उचल आणि कर्जाबद्दल मिळालेली माहिती नावानिशी छापू नका. पुढच्या हंगामात त्या माणसाला त्याच मालकाकडे काम करायचं असतं. आणि पहिला प्रश्न 'ती रात्रीची गोष्ट खरी का?' हा नको. तो सगळ्यांनी विचारून झालेला आहे. त्याऐवजी विचारा : हंगामात किती खेळ व्हायचे, उचल किती असायची, बाळंतपणात बदली कोण उभं राहायचं, आजारी पडलं तर पैसे कापायचे का.

हे फक्त थिसिसपुरतं नाही. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्य सरकारची योजना आहे. अर्जासोबत कलेच्या क्षेत्रात काम केल्याचा पुरावा जोडावा लागतो. पाटीवर ज्यांचं नाव होतं त्यांना एखादं पोस्टर, एखादं प्रमाणपत्र सापडतं. मागे उभं राहून झील धरणारी, ढोलकी वाजवणारा, तंबूत स्वयंपाक करणारी यांचं नाव कुठल्याच पोस्टरवर नव्हतं. एखाद्या गावच्या जत्रेच्या वहीत तुम्हाला अशी चार नावं सापडली आणि तुम्ही ती तारखेसकट नीट उतरवून घेतली, तर तुमचा संदर्भ आणि त्यांचा पुरावा एकच कागद असू शकतो. म्हणून वहीचं पान उतरवून घेतलंत की एक प्रत त्या कलावंताच्या घरीही देऊन या.